मान धरायला शिकवणाऱ्या अर्चनाताई

एडिनबरातल्या मराठी घरांमध्ये अर्चना देवपुजारी हे नाव निघालं की लोकांना दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे त्यांची संत्रा बर्फी, आणि दुसरी म्हणजे समोरचा माणूस कसा बसलाय हे बघायची त्यांची खोड. गणपतीच्या जेवणाला कुणी ताटावर वाकून बसलं असेल तर जाता जाता अर्चनाताईंचा तळवा त्याच्या पाठीवर यायचा आणि हळूच वर सरकायचा. "हनुवटी आत घ्या," एवढंच म्हणून त्या वरण वाढायला पुढे जायच्या. फिजिओ बाईंची सवय, असं म्हणून लोक हसायचे आणि त्या लांब गेल्या की पुन्हा वाकून जेवायचे.

अर्चनाताई मूळच्या नागपूरच्या. लग्नानंतर नवऱ्याबरोबर इकडे आल्या त्याला आता वीसएक वर्षं झाली. यशोधन पेन्शनच्या एका कंपनीत आयटीत आहे, आणि अर्चनाताई हॉस्पिटलच्या अशा वॉर्डात काम करतात जिथे मेंदूला मार बसलेले किंवा स्ट्रोक आलेले पेशंट पुन्हा उभे राहायला शिकतात. उभं राहणं ही नंतरची गोष्ट. आधी मान. तान्ह्या बाळानं मान धरली की आपल्याकडे घरभर फोन जातात, पण साठीच्या माणसानं पुन्हा मान धरली तर त्याचं कौतुक करायला बहुतेक वेळा अर्चनाताई आणि एखादी नर्स एवढ्याच असतात. त्या स्टुलावर बसून राहतात, पेशंटच्या कपाळाला आणि मानेमागे हात लावून, न कंटाळता. डोकं म्हणजे किती जड वस्तू आहे, आणि ते एकदा जोरात हादरलं तर माणसाचं काय होतं, हे त्यांच्या हातांना पाठ आहे.

म्हणूनच त्यांच्या मुलीनं, वरदानं, चौदाव्या वर्षी शाळेच्या रग्बी टीममध्ये नाव दिलं तेव्हा त्यांना ते मुळीच रुचलं नाही.

घरात खेळाचं कुणाला वेड नव्हतं. अर्चनाताईंनी आयुष्यात खेळलेला शेवटचा खेळ म्हणजे सहावीतली लंगडी. यशोधन क्रिकेट बघायचा, तेही सोफ्यावर. वरदा मात्र फ्लँकर झाली, म्हणजे जिचं मुख्य काम समोरून पळत येणारीला आडवं करायचं. शनिवारी सकाळी तिघं मैदानावर जात. यशोधन इतर बापांबरोबर कडेला उभा राहून "वेल डन" ओरडायला शिकला होता. अर्चनाताई गाडीत बसत. काचा वाफेनं धुरकट झाल्या तरी पुसत नसत.

"आई, तू मॅच बघायला येतेस की पार्किंग बघायला?" वरदा विचारायची.

"मी चहा घेऊन येते. तो कमी आहे का?"

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी समुद्रावरून धुकं आलं होतं आणि गारठा हाडात शिरत होता. वरदाचे हातमोजे गाडीतच राहिले होते. ते यशोधनकडे द्यावेत म्हणून अर्चनाताई बाहेर आल्या, आणि त्यामुळे जे कधी बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं ते नेमकं त्यांना दिसलं. वरदा बॉल घेऊन पळत होती. समोरून आलेल्या मुलीनं तिला छातीवर गाठलं. त्यात काही वावगं नव्हतं, रीतसर टॅकल होता. वरदा पाठीवर पडली. पाठ जमिनीला टेकून थांबली, डोकं मात्र थांबलं नाही. ते मागे झोकलं गेलं आणि गवतावर आपटलं.

टीमच्या कोच गिलिस बाई अर्चनाताईंच्या आधी तिथे पोचल्या. डोक्याला मार बसल्याची नुसती शंका आली तरी खेळाडूला लगेच बाहेर काढायचं, हा इथला नियम, आणि गिलिस बाई नियमाच्या पक्क्या होत्या. वरदाला कोट गुंडाळून बाकावर बसवलं. तिनं आईकडे बघून विचारलं, "आपण जिंकलो का?" मॅच अजून चालूच होती. यशोधननं तसं सांगितलं. थोड्या वेळानं तिनं पुन्हा तेच विचारलं, त्याच आवाजात, आणि मग पुन्हा एकदा. अर्चनाताईंनी वॉर्डात असा परत परत येणारा प्रश्न वेगवेगळ्या तोंडांतून ऐकला होता. लेकीच्या तोंडून ऐकला तेव्हा त्यांनी तिचे हात मोज्यांत घातले, कारण दुसरं काय करावं ते त्यांना सुचेना.

स्कॅनमध्ये काही वाईट निघालं नाही. कन्कशन होतं, म्हणजे डोकं हादरून मेंदूला बसलेला धक्का. पुढचे काही दिवस वरदाच्या खोलीचे पडदे बंद राहिले. उजेड नको, फोन नको, पुस्तक नको. "आई, माझा डोकं वाजतोय," ती म्हणायची. तिचं मराठी असंच, सगळ्या वस्तू पुरुष. एरवी अर्चनाताई दुरुस्त करायच्या, त्या आठवड्यात त्यांनी एकदाही केलं नाही. मऊ भात भरवला, पायाशी बसून राहिल्या.

हळूहळू ती सावरली. शाळेत अर्धा दिवस जायला लागली, मग पूर्ण. आणि एका दुपारी जेवणाच्या टेबलावर तिनं सहज विचारलं, "मी ट्रेनिंगला कधी जाऊ?"

"जायचं नाही," अर्चनाताई म्हणाल्या.

"या आठवड्यात?"

"कधीच नाही. काहून खेळायचं असलं? दुसरे खेळ मेले का?" राग आला की त्यांची नागपुरी वर यायची.

वरदा ओरडली नाही, रडली नाही. शांतपणे म्हणाली, "तुझा पेशंट पडला, तर तू त्याला सांगते का, आता चालू नको? तू त्याला सांगते, चल, मी पकडते."

यशोधननं ताटातली पोळी बारीक बारीक तोडायला घेतली. अर्चनाताई उठून सिंकपाशी गेल्या आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागल्या.

त्या वाक्यानं त्यांचा पिच्छा सोडला नाही. रविवारी सकाळी त्यांनी वरदाला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं. तिच्या कपाळावर तळवा ठेवला. "मी ढकलते. हलू द्यायचं नाही." त्यांनी अगदी बेतानं दाब दिला, वॉर्डातल्या पेशंटला देतात तेवढाच, आणि वरदाची मान मेथीच्या काडीसारखी मागे गेली. बाजूनं दाबलं, तेच. मग त्यांनी तिचे खांदे तपासले, मांड्या तपासल्या. मांड्या दगडासारख्या होत्या.

"जिममध्ये काय काय करवून घेतात तुमच्याकडून?"

"लेग्ज, बॅक, आर्म्स, कोअर."

"आणि मान?"

"मान?" वरदाला हसू आलं. "नेक कोण करतो, आई?"

सोमवारी अर्चनाताईंनी अर्धी सुट्टी टाकली आणि बस पकडून शाळेत गेल्या. वाटेत सगळी तक्रार त्यांनी इंग्रजीत जुळवून ठेवली होती. मुलींना खांबासारखे पाय करून देता आणि डोकं तसंच सोडून देता, हे वाक्य तर त्यांना स्वतःलाच फार आवडलं होतं. गिलिस बाई जिमच्या मागच्या खोलीत बॉलमध्ये हवा भरत होत्या. उंच, रुंद बाई, ल्युइस बेटावरून आलेल्या, तरुणपणी स्वतः खेळलेल्या. नाक एकदा मोडून वाकडं बसलेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पंप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. मानेकडे कुणी बघत नाही. मी खेळायचे तेव्हाही कुणी बघितलं नाही. मला येतही नाही. तुम्ही शिकवाल का?"

अर्चनाताईंनी उरलेली तक्रार सोडून दिली आणि बुधवार ठरवून टाकला.

घरी येऊन त्यांनी यशोधनला सांगितलं, "पोरीचं खेळणं बंद करायला गेले आणि अख्खी टीम गळ्यात घेऊन आले."

"गळ्यातच ना," यशोधन म्हणाला. "मग बरोबर जागी आली."

बुधवारी शाळा सुटल्यावर जिममध्ये वर्ग सुरू झाला. पहिल्याच दिवशी हसं झालं. अर्चनाताईंनी मुलींना मॅटवर उताणं झोपवलं, हनुवटी आत घेऊन डोकं इंचभर उचलायला लावलं आणि हळू आवाजात म्हणत राहिल्या, "धरा, श्वास घ्या, सोडा." वॉर्डात याच आवाजानं माणसं शांत होत. इथेही झाली. टीममधली एक मुलगी मॅटवर चक्क झोपून गेली. तिचं नाव आयला. ते नाव मोठ्यानं घेताना यशोधनला दर वेळी हसू येतं, आणि का ते तो त्या बिचारीला सांगू शकत नाही.

पुढच्या बुधवारी निम्म्या मुली आल्या. त्याच्या पुढच्या बुधवारी फक्त दोघी: वरदा आली, कारण तिला पर्याय नव्हता, आणि मोरव्हेन नावाची पुढच्या फळीत खेळणारी दांडगी मुलगी आली, कारण ती कधीच काही चुकवत नसे. अर्चनाताईंनी दोघींकडून व्यायाम करून घेतला, पण त्यांचं मन खट्टू झालं होतं. मॅट गुंडाळताना त्या गिलिस बाईंना म्हणाल्या, "मला बहुतेक जमत नाहीये."

"तुम्हाला कधी कुणी टॅकल केलंय?" गिलिस बाईंनी विचारलं.

"मला? मी एक्कावन्न वर्षांची आहे."

"मग त्यांना मानेचं काय काम पडतं, ते तुम्हाला कसं कळणार?"

बाहेर पाऊस नुकताच थांबला होता. गिलिस बाईंनी अर्चनाताईंच्या हातात गादीसारखी जाड ढाल दिली, गुडघे वाकवायला सांगितले आणि मोरव्हेनला पळत यायला सांगितलं. "हळू ये गं," अर्चनाताई म्हणाल्या, पण मराठीत. मोरव्हेन तिच्या मते हळूच आली. पुढच्या क्षणी अर्चनाताई चिखलात बसल्या होत्या, चष्मा कपाळावर, एक बूट लांब.

"आई, आर यू ओके?" वरदा धावली.

अर्चनाताई हसत होत्या. इतक्या की त्यांना उठता येईना. लेकीनं त्यांना असं हसताना फारसं पाहिलं नव्हतं, त्यामुळे ती आणखीच घाबरली. पण हसता हसता त्यांना एक गोष्ट लख्ख कळली होती. वॉर्डातल्या पेशंटकडे सगळा दिवस असतो. मैदानावर पापणी लवायलाही सवड नाही. धक्का कुठून येणार ते आधी कळत नाही, आणि कळेपर्यंत तो बसलेला असतो. नुसती ताकद असून भागणार नाही, मान जागी हवी. त्या दिवशी त्या चिखलानं माखलेल्या कपड्यांतच बसमध्ये चढल्या. ड्रायव्हरनं त्यांना वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "जिंकलात का?"

त्यानंतर वर्ग बदलला. हनुवटी आत घेणं राहिलं, पण आता मुली जोडीजोडीनं बसायला लागल्या. एकीनं हातापायांवर रांगतं व्हायचं, दुसरीनं तिच्या डोक्याला तळवा लावून कुठूनही दाब द्यायचा, समोरून, बाजूनं, कधी डोळे मिटायला लावून. डोकं जागचं हलू द्यायचं नाही. मग रबरी पट्टे आले, टॉवेल आले. हिसका द्यायचा नाही, दुखलं की थांबायचं आणि लपवायचं नाही, हे नियम मोडणारीला अर्चनाताई सरळ बाहेर बसवायच्या. मुलींना चढाओढ मिळाली आणि त्या परत आल्या. देवपुजारी हे नाव कुणालाच पेलेना, म्हणून अर्चनाताई "मिसेस डी" झाल्या. बुधवारी त्यांच्या पिशवीत शंकरपाळ्यांचा डबा असायचा. त्याची बातमी मुलांच्या टीमपर्यंत पोचली तेव्हा तीही दारात रेंगाळायला लागली.

एक दिवस आयला मागे थांबली. इकडेतिकडे बघत म्हणाली, "मिसेस डी, माझी मान जाड होईल का? उन्हाळ्यात प्रॉम आहे, शाळेचा डान्स. ड्रेसचा गळा खोल आहे."

अर्चनाताई हसल्या नाहीत. सोळाव्या वर्षी हा प्रश्न केवढा मोठा असतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तिला आरशासमोर उभं केलं आणि तिची मान दोन्ही बाजूंनी बोटांनी दाखवली, हा स्नायू कुठून निघतो, कुठे जाऊन बसतो. "थोडी भरेल," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू? पण तुझं सगळं शहाणपण ज्याच्यात आहे ते डोकं ही वाहून नेते. ती जरा मजबूत दिसली तर दिसू दे की." आयलानं आरशात उजवीकडे वळून बघितलं, डावीकडे वळून बघितलं. "मोरव्हेनइतकी नको," ती म्हणाली, आणि तेवढ्यावर सौदा ठरला.

पालकांच्या सभेत एका वडिलांनी थेट विचारलं, "म्हणजे आता कन्कशन होणार नाही ना?" अर्चनाताई म्हणाल्या, "तसं मी सांगणार नाही. मान चांगली असली तर डोक्याला बसणारा झटका कमी व्हायला मदत होते. एवढंच. हमी मी माझ्या मुलीलाही दिलेली नाही."

वरदाला डॉक्टरांनी परवानगी दिली तरी आईची परवानगी यायची होती. ती आली फेब्रुवारीत, ज्या दिवशी स्वयंपाकघरातल्या त्याच खुर्चीवर अर्चनाताईंनी जोर लावून ढकललं आणि वरदाचं डोकं तसूभर हललं नाही. त्या शनिवारी त्या गाडीतून उतरल्या आणि यशोधनशेजारी कडेला जाऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्या हाफमध्ये वरदाला एका उंच मुलीनं मागे पाडलं. यशोधननं डोळे मिटले. अर्चनाताईंनी मिटले नाहीत. वरदा पाठीवर पडली, हनुवटी छातीला चिकटलेली, डोकं अधांतरी. ते गवताला लागलंच नाही. ती उठून पळाली सुद्धा. दुसऱ्या दिवशी अर्चनाताईंची स्वतःची मान आखडून गेली, कारण मॅचभर त्याही हनुवटी आत घेऊन उभ्या होत्या.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण पुढच्या हिवाळ्यात मोरव्हेन पडली. टीममध्ये सगळ्यात घट्ट मान तिची. गर्दीत खाली असताना कुणाचा तरी गुडघा तिच्या कानामागे लागला, आणि कन्कशन झालंच. अर्चनाताई त्या दिवशी हॉस्पिटलात ड्यूटीवर होत्या, त्यांना फोनवर कळलं. पुढच्या बुधवारी त्या शाळेत गेल्या नाहीत. त्याच्या पुढच्या बुधवारीही नाही. "मी त्या पोरींना खोटा धीर दिला," त्या यशोधनला म्हणाल्या. तो म्हणाला, "तू तर उलट सांगितलं होतंस." त्या म्हणाल्या, "सांगितलं होतं. पण मनातून मलाच ते खरं वाटत नव्हतं."

एका दुपारी दाराची बेल वाजली. दारात मोरव्हेन आणि तिची आई. एडिनबराच्या त्या करड्या आभाळाखाली मोरव्हेननं काळा चष्मा घातला होता. अर्चनाताईंनी तिला आत घेतलं, खिडकीकडे पाठ करून बसवलं, दिवे मालवले, चहा ठेवला.

"तुम्ही येत नाही म्हणून आलो," मोरव्हेनची आई म्हणाली.

मोरव्हेन हळू बोलत होती. "मला लागलं ते कुणी पाहिलं नव्हतं, मिसेस डी. रेफरीनं नाही, गिलिस बाईंनी पण नाही. मी खेळत राहू शकले असते. मी स्वतः हात वर केला."

"चांगलं केलंस."

"तुम्ही दर बुधवारी म्हणता, लपवायचं नाही. म्हणून केला." ती थांबली. आईकडे न बघता म्हणाली, "तुम्ही यायच्या आधीच्या वर्षी पण मला एकदा असंच लागलं होतं. तेव्हा मी कुणालाच सांगितलं नाही. पूर्ण मॅच खेळले. घरी कशी आले ते मला आठवत नाही."

तिच्या आईनं हातातला कप खाली ठेवला. हे तिलाही नवीन होतं. मग अर्चनाताई उठल्या, मोरव्हेनच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि तिच्या मानेवर दोन्ही तळवे ठेवले. दाब नाही, व्यायाम नाही, नुसते ठेवले. "बरी होशील," त्या म्हणाल्या. "घाई करायची नाही. तोवर बुधवारी येऊन बस. आयला खांदे वर घेऊन फसवते, तिच्याकडे कुणीतरी लक्ष ठेवायला हवं."

पुढच्या बुधवारी दोघीही जिममध्ये होत्या.

त्यालाही आता बराच काळ लोटला. मोरव्हेन बरी झाली, सीझन संपायच्या आत पुन्हा खेळायला लागली. वरदा अॅबर्डीनला युनिव्हर्सिटीत गेली. घरात शाळेत जाणारं कुणी उरलं नाही, तरी अर्चनाताईंनी हॉस्पिटलात बुधवारची दुपार सोडवून घेतली आहे आणि त्या शाळेत जातातच. आता मुलांची टीमही येते, आणि पहिल्या दिवशी एखादा आडदांड मुलगा त्यांच्या तळव्यापुढे मान टाकतो तेव्हा मुली त्याला सोडत नाहीत.

शनिवारी त्या मैदानाच्या कडेला असतात. खेळ मात्र त्यांना अजूनही कळत नाही. ऑफसाइड समजावून सांगायचा नाद यशोधननं कधीच सोडला आहे. धुक्यात पाठमोऱ्या मुलींमधली कोण कुठली हे त्या नुसत्या मानेवरून सांगतात, कुणी पडलं की ती उठेपर्यंत श्वास धरून ठेवतात, आणि शिट्टी वाजून सगळ्या हसत बाहेर आल्या की फ्लास्क उघडत शेजारच्या कुणालातरी विचारतात, कोण जिंकलं.